त्रिचनापल्ली चिरुटाची पेटी हिंगोलीत कशी?

हिंगोलीच्या वाड्यात, माळ्यावर इंग्रजीत 'त्रिचनापल्ली' (तमिळनाडूतलं आजचं तिरुची) लिहिलेली लाकडी पेटी सापडली. ही क्यूबाच्या सिगारची नक्कल का, आणि एवढ्या लांबचा माल इकडं कसा आला, असं तुम्ही विचारलंय.

नक्कल नाही हो. हा चिरूट. सिगारचं एक तोंड बंद असतं, ओढण्याआधी कापावं लागतं. चिरूट दोन्हीकडून उघडा, काडी लावली की झालं. शब्दच मुळात तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी. बिडीला वरून तेंदूचं पान, चिरूट मात्र आतबाहेर तंबाखूच. आमच्या आजोळी, देगलूरकडं, म्हातारी माणसं चुट्टा ओढायची. तो याचाच तेलुगू भाऊबंद, जरा गबाळा. (आंध्रातल्या श्रीकाकुळमकडच्या बाया चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरतात. थाप वाटेल, पण खरंय, आणि त्यापायी टाळूचा कॅन्सरही होतो.)

पेटीवरच्या नावावर मात्र जाऊ नका. पान दिंडिगुलकडच्या शिवारातलं, त्रिचनापल्लीचं काय ते नाव आणि तिथल्या उरैयूरचे वळणारे हात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात हा माल इतका खपायचा की 1887 साली शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला, तेव्हा त्यानं नुसत्या काळपट, पापुद्रेदार राखेवरून खुनी त्रिचनापल्ली ओढणारा आहे हे ताडलं. चर्चिलची गोष्ट जरा जपून सांगत जा. 1896 साली तो बंगळूरला पलटणीत होता, तिरुचीचा माल त्याला आवडायचा म्हणतात. पण त्याचा खरा जीव क्यूबाच्या सिगारवर.

आता हिंगोली. आपल्याकडं हिंगोली, जालना, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. 1903 साली ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. छावणी आली की गोरे साहेब आले, साहेब आले की चिरूट आला. पेटी तेवढी जुनी असेल तर माझी पैज साहेबाच्या बंगल्यावर. बदली झाली की त्यांच्या सामानाचा लिलाव व्हायचा.

मग चिरूट मागं का पडला? हातानं एकेक वळायचा, त्याआधी पान मुरवायचं. यंत्रातून भराभर पडणाऱ्या सिगारेटशी तो काय स्पर्धा करणार? हैदराबादेत 1930 साली वझीर सुलतान कंपनी उभी राहिली, आणि तिची चारमिनार सिगारेट आपल्याकडच्या टपऱ्याटपऱ्यांवर पोचली. 1947 ला गोरं गिऱ्हाईकही गेलं.

पेटीत चिरूट उरले असतील तर ओढून बघायच्या फंदात पडू नका. त्यांवर टाचणीएवढी भोकं दिसतात का बघा; दिसली तर तो तंबाखूचा किडा. पेटी बाहेर उन्हात ठेवा, घरातल्या हळदीच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको. तुमच्या वसमतच्या हळदीलाही तोच किडा लागतो.