पामुक्कलेला दोन तास पुरतात का?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तुर्कस्तानला चाललोय. टूरवाला पामुक्कलेला (तो पांढऱ्या पायऱ्यांचा डोंगर) दुपारी बाराला पोचवणार आणि दोन तासांत परत. तिथल्या गरम पाण्यात पोहता येतं का? आणि वरचे पडके अवशेष बघितलेच पाहिजेत का? सासूबाईंचे गुडघे दुखतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन तासांत फोटो होतील, बाकी काही नाही. आणि भर बाराला नकोच, त्या पांढऱ्या दगडावरून ऊन असं डोळ्यात घुसतं की गॉगल असूनही डोळे मिटावे लागतात. जमलं तर जवळच्या डेनिझली शहरात किंवा खाली पामुक्कले गावातच मुक्काम टाका.

त्या पांढऱ्या पायऱ्यांवर पोहायचं नसतं हो, नुसते पाय बुडवायचे, तेही चपला काढून, म्हणून एक पिशवी जवळ ठेवा. इन्स्टावर दिसतात तशी सगळी कुंडं भरलेली नसतात, पाणी आलटूनपालटून सोडतात, बरीच कोरडी दिसतील, उगाच फसलो म्हणू नका. (तो पांढरा थर म्हणजे पाण्यातला चुना, पाणी उघड्यावर आलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो, आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तसलाच प्रकार.) पोहायचं ते वर अँटिक पूल नावाच्या गरम पाण्याच्या तलावात, त्याचे पैसे वेगळे. पाणी साधारण ३६ अंश, वज्रेश्वरीची सवय असेल तर कोमटच वाटेल, पण भूकंपात पडलेले रोमन खांब अजून तळाशी तसेच पडलेत आणि आपण त्यांच्यावरून तरंगतो, ही मजा दुसरीकडे कुठे मिळणार!

आता अवशेष. माझं स्पष्ट मत, हिरापोलिस, म्हणजे वरचं ते जुनं पडकं शहर, सोडून आलात तर अर्धं पामुक्कले बघितलंच नाही. उत्तरेच्या गेटवर टॅक्सीने उतरा, आत शिरताच हजारावर थडगी लागतात, दुखणी घेऊन लोक लांबून या पाण्याला यायचे, सगळेच काही बरे होऊन परत गेले नसावेत. पुढे मोठा रोमन रस्ता, डोंगराच्या उतारावर थिएटर, आणि प्लुटोनियन, म्हणजे पाताळाचं दार. तिथे जमिनीतून कार्बन डायऑक्साइड येतो, हवेपेक्षा जड म्हणून खालीच साचतो, त्यामुळे आत नेलेला बैल कोसळायचा आणि पुजारी मात्र श्वास धरून बाहेर यायचे, लोकांना वाटायचं चमत्कार. २००० वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने तिथे चिमण्या सोडल्या, त्याही मेल्या असं त्याने लिहून ठेवलंय.

हे सगळं करून चारच्या सुमाराला पूल, आणि ऊन उतरलं की पांढऱ्या उतारावरून अनवाणी खाली गावात. सासूबाईंना मात्र हा उतार नको, ओला आणि खडबडीत आहे. त्यांना दक्षिणेच्या गेटने आणा, तिथून पूल आणि पांढऱ्या पायऱ्यांची वरची कड जवळ पडते, तुम्ही थडगी बघून येईपर्यंत त्या कडेच्या पाण्यात पाय सोडून बसतील.