'धर्म वा विश्वास' : एका पत्रकाच्या निमित्ताने

प्रश्न : 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनासाठी पुण्यातील आमचा गट एक पत्रक छापणार आहे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील, विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचे कलम 18 हा त्याचा विषय आहे. मसुद्याचे शीर्षक 'धर्म आणि आस्था यांचे स्वातंत्र्य' असे असून खाली 'धार्मिक सहिष्णुतेसाठी' अशी ओळ आहे. मूळ इंग्रजीत 'रिलिजन ऑर बिलीफ' असे शब्द आहेत. 'बिलीफ'साठी आस्था, श्रद्धा आणि विश्वास यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : 'आस्था' आधी काढून टाकावा. हा शब्द मराठीत जुना आहे, जिव्हाळ्याचा आहे आणि त्याचा अर्थ निराळा आहे. आजारी शेजाऱ्याची आपण आस्थेने विचारपूस करतो. विद्यार्थ्यांविषयी आस्था असलेला शिक्षक आपल्याला जन्मभर आठवतो. हिंदी वृत्तवाहिन्यांच्या संगतीने गेल्या काही वर्षांत 'भाविकांची आस्था', 'हा आमच्या आस्थेचा प्रश्न आहे' अशी वाक्ये मराठीत शिरली, आणि ती ऐकताना मला दर वेळी खडा दाताखाली आल्यासारखे होते. एखाद्याला त्याच्या उपासनेपायी तुरुंगात टाकलेले असताना आपण 'आस्थेचे स्वातंत्र्य' मागू लागलो, तर मराठी कानाला ती काळजी करण्याची परवानगी मागितल्यासारखी वाटेल.

'श्रद्धा' हा शब्द एवढ्यावर निकालात काढता येत नाही. श्रत् आणि धा मिळून तो झाला आहे. निघंटूने, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशाने, 'श्रत्' हा शब्द सत्याच्या सहा नावांत घातला आहे, म्हणजे जुन्या परंपरेने श्रद्धा म्हणजे सत्यावर ठेवणे. आधुनिक तुलनात्मक भाषाशास्त्रातील अनेकांनी श्रत् हा हृदयाशी जोडला, लॅटिनमधील 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) त्याचा भाऊ ठरवला, आणि ऋग्वेदाच्या श्रद्धासूक्तात (10.151) श्रद्धेच्या शेजारी हृदयाचा उल्लेखही येतो. बेनव्हेनिस्त या फ्रेंच पंडिताला हृदयाची ही जोड मान्य नाही. मला तीच खरी वाटते; पण वाद कोणीही जिंकला तरी आपली अडचण सुटत नाही. मराठीत 'श्रद्धा' म्हटले की 'अंधश्रद्धा' शेजारी येऊन उभी राहते, मग खरी कोणती आणि आंधळी कोणती हे ठरवणारा परीक्षक लागतो, आणि कलम 18 ला नेमका तोच परीक्षक नको आहे. ज्याची कशावरच श्रद्धा नाही, त्याचे काय? 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचा हक्क 'श्रद्धास्वातंत्र्य' या शब्दात मावेल का? आंतरराष्ट्रीय कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने 1993 च्या आपल्या बाविसाव्या भाष्यात स्पष्ट म्हटले आहे की, या हक्कात ईश्वरवादी, निरीश्वरवादी आणि नास्तिक अशा सर्वांची मते येतात आणि कोणताही धर्म न मानण्याचा हक्कही येतो. भारत या कराराचा 1979 पासून पक्षकार आहे.

आता 'विश्वास'. या शब्दासाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो. विष आणि आस मिळून विश्वास होतो, ही शुभेच्छांच्या संदेशांतून फिरणारी व्युत्पत्ति कृपया पुढे पाठवू नये. तालव्य श् आणि मूर्धन्य ष् हे दोन वेगळे वर्ण आहेत. धातू आहे 'श्वस्', धातुपाठातला (संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीतला) त्याचा अर्थ 'प्राणने', म्हणजे श्वास घेणे. निःश्वास, उच्छ्वास ही त्याचीच घरची मंडळी. आश्वासन म्हणजे घाबरलेल्याचा श्वास ठिकाणावर आणणे. वि या उपसर्गाने श्वास सैल होतो, मोकळा होतो; विमुक्त आणि विरल यांतला वि मला येथे ऐकू येतो. वि-श्वस् म्हणजे भीती न बाळगता श्वास घेणे, आणि 'भरवसा' हा अर्थ त्यातून नंतर निघालेला आहे. कोश बहुधा 'भरवसा' एवढे लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात, याची मला खंत वाटते, कारण शब्दाचा जीव त्या पहिल्या अर्थात आहे.

याचा साक्षीदार कालिदास आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणामागे रथ पळवीत येतो, आश्रमाचे हरीण मारू नये म्हणून तपस्वी त्याला थांबवतात, तो बाण उतरवतो आणि थोड्याच वेळात सारथ्याला म्हणतो की, कोणी सांगितले नाही तरी हा तपोवनाचा परिसर आहे हे कळतेच. कशावरून कळते? झाडांच्या ढोलीतील पोपटांच्या चोचींतून सांडलेले नीवाराचे (रानटी भाताचे) दाणे, इंगुदीची फळे फोडून तुळतुळीत झालेले दगड, आणि मग ही ओळ : 'विश्वासोपगमादभिन्नगतयः शब्दं सहन्ते मृगाः'. विश्वास लाभल्यामुळे हरणे रथाचा आवाज सहन करतात, त्यांची चाल बदलत नाही. या ओळीत विश्वासाला कर्म नाही. हरणांचा विश्वास कोणावर आहे, हे कवी सांगत नाही. तो त्यांच्या अंगात आहे, चालण्यात आहे, आणि आश्रमातल्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या वागण्याने तो तेथे आलेला आहे.

पुण्यातील काही ज्येष्ठ अभ्यासक मला नेहमी ऐकवतात की, विश्वास माणसावर ठेवायचा आणि श्रद्धा देवावर. त्यांच्या मते विश्वास हा सावकारी आणि विश्वस्त मंडळांचा शब्द आहे, आणि तसाही तो पानिपतात गेला. मला हा भेद मुळीच पटत नाही. 'वर' हे शब्दयोगी अव्यय मराठी व्यवहाराने नंतर चिकटवले. त्याच्या जोरावर मूळ शब्दाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय या मंडळींनी आपल्या संविधानाची मराठी उद्देशिका एकदा मोठ्याने वाचावी : 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य'. 'बिलीफ' तेथे विश्वास आहे, 'फेथ' श्रद्धा आहे, आणि दोन्ही शेजारी शेजारी असल्यामुळे घोटाळ्याला जागाच राहिलेली नाही. हिंदी उद्देशिकेत श्रद्धेच्या जागी 'धर्म' आला. मराठी अनुवादकांनी केलेली निवड मला अधिक काटेकोर वाटते.

काही वर्षांपूर्वी कॅम्पातील एका लहानशा बैठकीत पुण्यात शिकणारी बहाई धर्माची एक इराणी विद्यार्थिनी बोलली होती. इराणच्या संविधानात मुसलमानांखेरीज पारशी, यहुदी आणि ख्रिस्ती एवढ्यांनाच मान्यता आहे. बहाई त्यात नाहीत, आणि 1991 च्या सरकारी धोरणाने त्यांना विद्यापीठांची दारे बंद केली. प्रवेशपरीक्षेच्या अर्जातील धर्माच्या रकान्याविषयी सांगताना ती थांबली, हातातल्या पाण्याच्या बाटलीचे झाकण दोनदा फिरवले, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली की, तो रकाना भरताना घरातले सगळे श्वास धरून बसले होते. वि-श्वस् चा अर्थ मला त्या संध्याकाळी कोणत्याही कोशाहून स्वच्छ कळला.

'सहिष्णुता' या तुमच्या दुसऱ्या ओळीतल्या शब्दावरही माझा आक्षेप आहे. सह् हा धातू ऋग्वेदात 'मात करणे' या अर्थानेही येतो, सहस् म्हणजे बळ. आणि पाणिनीने इष्णुच् प्रत्यय लावून सहिष्णु सिद्ध केला तो 'सहन करण्याचा स्वभाव असलेला' या अर्थाने. स्वभाव हा सद्गुण आहे, तो असावाच. पण हक्क दुसऱ्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही. सहिष्णुतेकडून हक्काकडे हा प्रवास संयुक्त राष्ट्रांनीही केला आहे. 1981 चा जाहीरनामा असहिष्णुता व भेदभाव यांच्या निर्मूलनाचा होता, 1986 मध्ये नेमलेला विशेष प्रतिवेदक 'धार्मिक असहिष्णुते'साठीच होता, आणि 2000 मध्ये ते पदनाम बदलून 'धर्म वा विश्वास यांच्या स्वातंत्र्या'चे झाले. या प्रतिवेदकाच्या हाती दंड नाही. तक्रार आली की तो त्या सरकारला पत्र लिहून खुलासा मागतो, निमंत्रण मिळाल्यास देश पाहतो, अधिकाऱ्यांना आणि भ्यालेल्या माणसांनाही भेटतो आणि अहवाल जाहीर करतो. लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर या पदावर असताना मार्च 2008 मध्ये भारतात आल्या होत्या. अशी भेट म्हणजे माझ्या लेखी दुष्यंताचे ते निरीक्षणच आहे : रथाचा आवाज झाल्यावर येथल्या हरणांची चाल बदलते का?

धर्म बदलण्याचा हक्क 1948 च्या कलम 18 मध्ये नावानिशी आहे. सौदी अरेबियाचा त्याला आक्षेप होता. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र त्याचे समर्थन केले. ते अहमदिया पंथाचे होते, आणि त्यांच्याच देशाने 1974 मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमान नसल्याचे ठरवले. पुणेकरांना हा हक्क परका वाटू नये. जोतीराव फुल्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच घरातली बाई बौद्ध होते, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होतो, आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. जागतिक जाहीरनाम्याच्या सत्तावन्न वर्षे आधी हे मराठीत छापलेले होते.

तेव्हा शीर्षक 'धर्म वा विश्वास यांचे स्वातंत्र्य' असे करावे. 'आणि' चालणार नाही. 'आणि' म्हटले की दोन्ही असलेल्यालाच हक्क मिळतो असा अर्थ कोणी काढील, आणि 'वा' मुळे नास्तिकही आत येतो. 'सहिष्णुतेसाठी' ही ओळ गाळावी. मजकुरात अन्यत्र 'आस्था' आला असेल तर तोही मुद्रणाआधी बदलून घ्यावा; ज्या वाक्यात खरोखर आस्थेने विचारपूस केलेली असेल, तेथे मात्र राहू द्यावा.