वाचकांचे प्रश्न: कॅडेटला इथिक्स शिकवता येतं का?

प्रश्न: मी लष्करी अकादमीत कॅडेट्सना लीडरशिप शिकवतो. नीतिमत्तेच्या तासाला निम्मी पोरं पेंगत असतात आणि पेपरात मात्र सगळं बरोब्बर लिहितात. हे शिकवता येतं की माणसात मुळातच असावं लागतं? आणि आमचे एक सीनियर म्हणतात, हुकूम नाकारायला शिकवलंत तर शिस्त राहणार नाही. तुमचं मत काय?

उत्तर: सर, पेंगतात कारण पहाटेपासून ड्रिल, पीटी झालेली असते, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. खरी काळजी त्या बरोबर पेपरांची आहे. खोटं बोलू नये हे प्रत्येकाला माहीतच असतं, पण झोप नाही, वेळ नाही आणि वरचा ओरडतोय अशा वेळी ते आठवेल का, हा प्रश्न आहे. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली छापलेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधले धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी, वाटेत एक माणूस कण्हत पडलाय, तर ज्यांना घाई नव्हती त्यातले 63 टक्के मदतीला थांबले आणि ज्यांना खूप उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यातले फक्त 10 टक्के. म्हणजे घाईने चांगली माणसंही पुढे निघून जातात.

म्हणून माझं म्हणणं, हे शिकवता येतं पण वर्गात नाही, दमलेल्या अवस्थेत शिकवा. रात्रीच्या एक्सरसाइजला कॅडेटला सहा गाड्या तपासायला द्या आणि वेळ चारच गाड्यांचा द्या. फॉर्मवर सहाही गाड्यांचे ब्रेक तपासल्याची सही हवी, आणि इन्स्ट्रक्टरने मागून म्हणायचं, अरे कर ना सही, सगळेच करतात. बघा कोण करतं. मग सकाळी सगळ्यांना बसवून बोला, सही करताना मनात काय चाललं होतं ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आणि ज्याने "सर, दोन गाड्या राहिल्यात" असं लिहून दिलं त्याचे उशीर झाला म्हणून मार्क कापू नका, कारण मार्क कापले की पोरं तेवढंच शिकतात, तुमची बाकी सगळी लेक्चर्स वाया.

आता तुमच्या सीनियरांचा मुद्दा. 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक नि:शस्त्र बायका, पोरं, म्हातारे मारत होते. ह्यू थॉम्पसन नावाच्या पायलटने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवलं, त्याच्या माणसांना सांगितलं की हे गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा, आणि काही जणांना तिथून बाहेर काढलं. हुद्द्याने तो तिथल्या लेफ्टनंटांपेक्षा खालचा होता. त्यातल्या एका लेफ्टनंटने, विल्यम कॅलीने, कोर्ट मार्शलमध्ये (लष्करी खटल्यात) सांगितलं की मी हुकूम पाळला, पण 1971 मध्ये तो दोषी ठरला. आता यात शिस्त कोणी मोडली? माझ्या मते कॅलीने. उघडपणे बेकायदा हुकूम पाळायचा नसतो हे शिस्तीतच येतं. थॉम्पसनला याबद्दलचं सोल्जर्स मेडल मिळायला मात्र 1998 उजाडलं, मधली कितीतरी वर्षं त्याला शिव्या खाव्या लागल्या, हेही पोरांना सांगा, लपवू नका.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आपलाच कोर्समेट चुकला तर काय करायचं. वेस्ट पॉइंट या अमेरिकन लष्करी अकादमीच्या ऑनर कोडमध्ये (कॅडेट्सच्या आचारसंहितेत) खोटं बोलू नका, फसवू नका, चोरी करू नका एवढंच नाही, असं करणाऱ्याला खपवूनही घेऊ नका असं आहे, आणि तरी 1976 मध्ये तिथे एका पेपरच्या कॉपीवरून दीडशेच्या वर कॅडेट अडकले. ज्या दोस्तीच्या जोरावर उद्या एकमेकांसाठी जीव द्यायचा तीच दोस्ती इथे आड येते हो, म्हणून चुगली कर असं सांगून काही होत नाही. त्यापेक्षा "तू स्वतः जाऊन सांग, मी बरोबर येतो, पण उद्यापर्यंत नाही सांगितलंस तर मी सांगणार" हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, जोड्या लावून, दहा वेळा. पहिल्यांदा हसतील, हसू द्या.

लेखी पेपर बंद करू नका, युद्धात जखमी, कैदी आणि नागरिकांना कसं वागवायचं हे सांगणारे 1949 चे जिनिव्हा करार पाठ असायलाच हवेत. फक्त त्याचं वेटेज कमी करून एक्सरसाइजला द्या.