स्ट्रेन कोणता, आवृत्ती कोणती? बुरशींच्या जीनोम डेटाबेसविषयी प्रश्नोत्तरे

सिनॉप्सिस आणि थिसिसचे दिवस जवळ आले की तंतुमय बुरशींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेल वाढतात. शब्द वेगळे असतात, गोंधळ बहुधा एकच. डेटाबेसमध्ये जे दिसतं ते आपल्या पेट्रीडिशमधल्या बुरशीचंच आहे, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेते. (जीनोम म्हणजे जीवाचा सगळा डीएनए; स्ट्रेन म्हणजे एकाच प्रजातीतली एक विशिष्ट ओळ.)

एनसीबीआय, एन्सेम्बल फंगाय, फंगीडीबी आणि मायकोकॉझम यांतला सर्वांत चांगला कोणता? (एमएस्सी, नांदेड)

काम काय आहे त्यावर ठरतं. मूळ सीक्वेन्स (डीएनएचा अक्षरक्रम) आणि ॲक्सेशन नंबर (नोंदीचा क्रमांक) हवा असेल तर अमेरिकेचं एनसीबीआय. ॲस्परजिलस, न्यूरोस्पोरा, फ्युजेरियम अशा बऱ्याच अभ्यासलेल्या बुरशीतल्या एखाद्या जीनबद्दल काय काय माहीत आहे, इतर प्रजातींत त्याचे भाऊबंद कोणते, हे पाहायचं तर फंगीडीबी. लाकूड कुजवणाऱ्या, मुळांशी सहजीवन करणाऱ्या अशा दूरदूरच्या बुरशींची तुलना करायची तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं मायकोकॉझम. एन्सेम्बल फंगाय हा युरोपियन बायोइन्फॉर्मेटिक्स इन्स्टिट्यूटचा. बऱ्याच प्रजातींचा डेटा एकाच साच्यात आणि एकदम उतरवायला तो सोयीचा. निदान दोन ठिकाणी आपला जीन उघडून बघा. दोन्हीकडे इंट्रॉनच्या (जीनमधल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यांच्या) सीमा वेगळ्या दिसल्या तर काम तिथूनच सुरू होतं.

जुन्या पेपरमधली ‘ॲस्परजिलस जीनोम डेटाबेस’ची लिंक उघडत नाही. माहिती गेली का?

नाही. ती फंगीडीबीमध्ये घेतलेली आहे, तिथे जुना जीन-क्रमांक टाकून शोधा.

जेनबँकमध्ये (एनसीबीआयच्या सीक्वेन्स-संग्रहात) सीक्वेन्स आला म्हणजे तो तज्ज्ञांनी तपासलेला असतो, असं आमच्या ग्रुपवर आलं होतं. बरोबर ना? (पीएचडी, कोल्हापूर)

साफ चूक, आणि ही ऐकीव गोष्ट दरवर्षी नव्याने फिरते. सीक्वेन्स घेताना काही तांत्रिक तपासण्या होतात, पण बुरशीचं नाव सादर करणारा सांगेल ते. रजिस्ट्री कचेरीत दस्त नोंदला म्हणून जमिनीचा वाद मिटत नाही, तसंच हे. फ्लेमिंगची पेनिसिलिनवाली बुरशी कितीतरी वर्षं ‘पेनिसिलियम क्रायसोजेनम’ म्हणून ओळखली गेली. ती खरं तर ‘पेनिसिलियम रुबेन्स’ आहे हे २०११ साली दाखवलं गेलं. जुन्या नावाने झालेल्या नोंदी आणि पेपर अजूनही समोर येतात. बुरशीच्या असेंब्लीत (तुकडे जोडून उभ्या केलेल्या जीनोममध्ये) जिवाणूंचे तुकडे मिसळलेलेही सापडतात. त्यामुळे ब्लास्टमध्ये (सीक्वेन्स जुळवून बघणाऱ्या प्रोग्राममध्ये) सगळ्यात वर आलेलं नाव उचलू नका. तो सीक्वेन्स टाइप स्ट्रेनचा (प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं आहे त्या स्ट्रेनचा) किंवा मान्यताप्राप्त कल्चर कलेक्शनमधल्या स्ट्रेनचा आहे का, ते बघा. शंका राहिली तर ओळख पटवण्याचं काम जाणकाराकडे द्या. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे.

हरभऱ्याच्या मर रोगाच्या झाडातून बुरशी वेगळी केली. आयटीएस (ओळख पटवायला वापरतात तो डीएनएचा भाग) ९९ टक्के जुळलं, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. गाइड म्हणाले, ‘फ्युजेरियमचा जीनोम’ उतरव आणि रोगकारक जीनचे प्रायमर (पीसीआरने तो जीन वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) कर. प्रायमर मागवले, पण पीसीआर करून बँडच येत नाही, म्हणजे जीन वाढलेला दिसत नाही. डीएनए खराब असेल का? (पीएचडी, अकोला)

डीएनएला दोष देण्याआधी त्याच नमुन्यावर टीईएफ१ या प्रत्येक बुरशीत असणाऱ्या जीनचे प्रायमर चालवा. बँड आला तर डीएनए ठीक आहे. मग तुम्ही पाठवलेल्या फाइलची पहिली ओळ वाचा. तिथे ‘लायकोपर्सिसी ४२८७’ असं लिहिलेलं आहे. हा टोमॅटोवरचा स्ट्रेन आहे, हरभऱ्यावरचा नाही.

आणि हा फरक किरकोळ नाही. ४२८७ चा जीनोम २०१० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा गुणसूत्रं, सुमारे ६ कोटी बेस, आणि त्यातला चौथाईहून जास्त भाग जवळच्या फ्युजेरियम प्रजातींत आढळतच नाही. टोमॅटोवर रोग घडवणारे जीन याच भागात आहेत. टोमॅटोच्या जलवाहिन्यांत बुरशी जी प्रथिनं सोडते, त्यांचे ‘सिक्स’ जीन चौदाव्या गुणसूत्रावर सापडतात. त्या संशोधकांनी अशी गुणसूत्रं निरुपद्रवी स्ट्रेनमध्ये जाऊ दिली, तर तोच स्ट्रेन टोमॅटोला रोग करू लागला! म्हणजे एकाच प्रजातीचं नाव लावणाऱ्या दोन बुरशींत सबंध गुणसूत्रांचा फरक असू शकतो. तुम्ही ज्या जीनवर प्रायमर केले तो तुमच्या बुरशीत नसेलच, अशी दाट शक्यता आहे. तसं असेल तर पीसीआरने तुम्हाला खरंच सांगितलंय.

‘फ्युजेरियमचा जीनोम’ नावाची वस्तू नाही. जीनोम असतो एका स्ट्रेनचा, एका असेंब्लीचा. ॲक्सेशन नंबर ‘जीसीए’ किंवा ‘जीसीएफ’ने सुरू होतो आणि शेवटी टिंबानंतर एक आकडा असतो. तो आवृत्तीचा आकडा. तो बदलला की जीनच्या जागांचे आकडे बदलू शकतात. जीन मॉडेलची यादी सुधारली की पूर्वी एक मानलेला जीन दोन होतो, किंवा दोनांचा एक. आणि थिसिसमध्ये लिहिलेलं असतं, ‘जीनोम एनसीबीआयवरून घेतला.’ परीक्षकाने यातून काय समजायचं? पाच वर्षांनी तुमच्याच प्रयोगशाळेतल्या मुलीने ते काम पुढे कसं न्यायचं? स्ट्रेन, टिंबानंतरच्या आकड्यासह ॲक्सेशन, अ‍ॅनोटेशनची आवृत्ती (जीन मॉडेलच्या यादीची) आणि उतरवल्याची तारीख एवढं लिहाच. यावर मी आग्रही आहे आणि राहणार.

राहिलं आयटीएस. २०१२ पासून तो बुरशींचा अधिकृत बारकोड आहे, पण फ्युजेरियममध्ये तो बऱ्याचदा प्रजातीही नीट वेगळी करत नाही. टीईएफ१ आणि आरपीबी२ या जीनचे सीक्वेन्स करा. ती हरभऱ्यावरचीच ‘सिसेरिस’ आहे हे मात्र त्यांनीही सिद्ध होत नाही. त्यासाठी जेजी-६२ सारख्या मरला बळी पडणाऱ्या वाणावर रोगचाचणी घ्यावी लागेल. नवे प्रायमर मागवण्याआधी तुमच्या कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात जा, आणि गाइडनाही सोबत न्या.

ॲस्परजिलस फ्युमिगेटसमधल्या औषध-प्रतिकारासाठी सीवायपी५१ए या जीनची (औषध ज्याच्यावर काम करतं ते प्रथिन बनवणाऱ्या) फक्त कोडिंग सीक्वेन्स, म्हणजे प्रथिनात उतरणारा भाग, उतरवली तर चालेल का?

नाही. प्रतिकाराशी जोडलेली टीआर३४ ही ३४ बेसची पुनरावृत्ती प्रमोटरमध्ये (जीनच्या आधीच्या, त्याला चालू करणाऱ्या भागात) असते; कोडिंग भागात तिच्या जोडीचा एल९८एच हा बदल तेवढा दिसेल. फंगीडीबीवरून जीनोमिक सीक्वेन्स जीनच्या आधीच्या हजारेक बेससह घ्या. आणि नमुने रुग्णांचे असतील तर निष्कर्ष वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला दाखवल्याशिवाय कुणाला कळवू नका.

एका कंपनीने आमच्या ट्रायकोडर्माचा संपूर्ण जीनोम, अ‍ॅनोटेशन आणि ‘नवीन जीन’ असा पॅकेज रिपोर्ट देऊ केला आहे. घ्यावा का? (प्राध्यापक, नाशिक जिल्हा)

अशा रिपोर्टमधले ‘नवीन जीन’ पुष्कळदा साधे ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ असतात, म्हणजे कार्य माहीत नसलेले अंदाज. अशी प्रथिनं प्रत्येक बुरशीत ढिगाने असतात. अँटिस्मॅश या प्रोग्रामने दाखवलेले क्लस्टर (रसायन बनवू शकतील असे जीनचे गट) मोजून ‘इतकी नवी प्रतिजैविकं’ असं लिहून देणारेही आहेत. क्लस्टर दिसणं आणि रसायन तयार होणं यांत बरंच अंतर आहे. सही करण्याआधी लेखी विचारा: कच्चे फास्टक्यू रीड्स (यंत्रातून आलेले मूळ तुकडे) मिळणार का? कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला) किती? बुस्कोचा (अपेक्षित जीनपैकी किती सापडले याचा) आकडा काय? जीन ओळखताना त्याच बुरशीचा आरएनए डेटा वापरणार का, की कुठल्यातरी वेगळ्या जीवावर शिकवलेला प्रोग्राम चालवणार? कच्चे रीड्स देत नसतील तर करार करू नका. आणि कोटेशन आधी एखाद्या बायोइन्फॉर्मेटिक्सवाल्याला दाखवा. त्याचा अर्धा तास तुमच्या ग्रँटचे पैसे वाचवेल.

मायकोकॉझमवर एक अप्रकाशित जीनोम आहे, तो पेपरमध्ये वापरू का? शिवाय आमच्या स्वतःच्या जीनोमचा ॲक्सेशन नंबर पुढच्या आठवड्यापर्यंत हवा आहे. (पीएचडी, पुणे)

पहिल्याचं उत्तर: त्या जीनोमच्या प्रमुख संशोधकाला लिहा, लेखी परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत नाही.

दुसऱ्याबद्दल राग येतो, कारण हे काम सीक्वेन्सिंग झालं त्याच महिन्यात सुरू करता आलं असतं. एनसीबीआयवर बायोप्रोजेक्ट आणि बायोसॅम्पल (प्रकल्प आणि नमुना) नोंदवा, रीड्स एसआरए या कच्च्या डेटाच्या संग्रहात द्या, असेंब्ली सादर करा. पेपर येईपर्यंत डेटा रोखून ठेवायची सोय असते, त्यामुळे ‘कुणी चोरेल’ ही सबब चालत नाही. दूषित तुकडे सापडले तर फाइल परत येते, आणि मग आठवडा पुरत नाही. तुमचा प्रकल्प सरकारी निधीतला असेल तर फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये डेटा देण्याविषयी तुमच्या मंजुरीपत्रात काय अट आहे, ते गाइड आणि संस्थेच्या प्रकल्प कक्षाकडून आजच विचारून घ्या. जर्नलच्या संपादकांनाही आजच मेल करा. सादरीकरण सुरू असल्याचं कळवलं तर काही जर्नल थांबतात. तुमचं थांबतं का, ते तेच सांगतील.