ख्रिस्ती बाईने मंडळीच्या सभेत बोलायचं धाडस कुठून आणायचं?

तू लिहिलंस की वार्षिक सभेत हिशेबाबद्दल विचारायचं मनात असतं, पण उभं राहायची वेळ आली की घसा कोरडा पडतो आणि कुणीतरी बायबलातलं पौलाचं वचन तोंडावर मारेल अशी भीती वाटते. माझ्या तोंडावर ते मारलं गेलंय, म्हणून लिहिते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातली. हंगामाच्या सणाला आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी दोन दिवस चुलीपुढे बसून धपाटे, शेंगोळी, चकल्या विकल्या. ४१,६०० रुपये जमले. देवळामागे बायकांसाठी संडास बांधायचा असं ठरलं होतं, कारण तीन तासांच्या उपासनेला म्हाताऱ्या बायका सकाळपासून पाणी न पिता यायच्या. पैसे कमिटीकडे दिले आणि वर्षभराने फाटकावर कमान उभी राहिली. तिच्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर कमिटीची नावं.

सभेत मी उभी राहिले. पाय इतके लटपटत होते की पुढच्या बाकाची पाठ धरली. "आमच्या पैशाचं काय झालं?" एवढंच विचारलं. कमिटीतले एक वडीलधारे, नात्याने माझे दीरच, बसल्या जागेवरून म्हणाले, "करिंथकरांस पहिलं पत्र, चौदावा अध्याय. बायकांनी मंडळीत गप्प राहावं. काही विचारायचं तर घरी नवऱ्याला विचारावं." माझा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी खाली बसले. कुणी काही बोललं नाही, पाळकसाहेबसुद्धा नाहीत.

त्या रात्री मी तेच पत्र पुन्हा वाचलं. अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या बाईने मस्तक झाकावं. म्हणजे बायका मंडळीत बोलत होत्या, हे त्याला ठाऊक होतं! रोमकरांस पत्रात तो फिबीला मंडळीची सेविका म्हणतो. एक वचन उचलायचं आणि बाकीचं पत्र मिटायचं, याला मी विश्वास म्हणत नाही.

आणि पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या देवळात मोठ्या अभिमानाने घेतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चच्या लोकांनी त्यांना काय मानायचं ते सांगायला सुरुवात केली. तिथे पुरुषांना शिकवायची त्यांची तयारी, तर हिंदुस्थानातले बिशप आड आले. ब्राह्मण पुरोहितांचं जू आत्ताच मानेवरून उतरवलंय, आता दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. पुढे मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. त्यांचा फोटो लावायचा आणि त्यांच्या लेकींना गप्प बसवायचं?

पुढच्या वर्षी मी एकटी उठले नाही. प्रश्न कागदावर लिहून आठ दिवस आधी सेक्रेटरींना दिला, पोच घेतली. तिघी जणी माझ्या शेजारी बसल्या. मी कागद बघून प्रश्न वाचला आणि म्हणाले, "इतिवृत्तात नोंद घ्या." तूही तसंच कर. आवाज कापला तर कापू दे, नोंद कापत नाही. धाडस आधी येतं आणि मग आपण उठतो, असं माझ्या बाबतीत तरी झालं नाही.

एक राहिलंच. घरात मारहाण होत असेल तर ते सभेत किंवा वडीलधाऱ्यांपुढे नेऊ नकोस, ते समेट करायला बसवतील. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लाव. आणि नोकरी किंवा घर मंडळीच्या संस्थेवर अवलंबून असेल तर आधी सोबत जमव, घाई करू नकोस.

संडास दोन वर्षांनी झाला. भाऊजी अजून म्हणतात, मी भरसभेत घराण्याची लाज काढली. भाऊजी, त्या सणाच्या पावत्या अजून माझ्या पेटीत आहेत, केव्हाही या, बसून बेरीज करू.