दशावतार कुठे पाहावा? मालवणी येत नसेल तर समजेल का?

डिसेंबरात चार दिवस वेंगुर्ल्याला येताय, दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायचाय, पण मालवणी येत नाही आणि रात्रभर बसणं जमेल की नाही ही शंका, असं तुम्ही लिहिलंय.

भाषेची काळजी सोडा. आख्यानातले, म्हणजे मुख्य पौराणिक कथेतले, राजे, ऋषी, राण्या भारदस्त मराठीतच बोलतात. मालवणी येते ती मुख्यतः संकासुराच्या तोंडी. वेद पळवणारा हा काळ्या पोशाखातला असुर सुरुवातीच्या भागात, म्हणजे आड दशावतारात येतो. त्याच्याआधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात. हल्ली बऱ्याच ठिकाणी हा भाग आटपता घेतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मिळाला तर चुकवू नका.

बघायचा तर गावच्या जत्रेतच बघा. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात, तिथीप्रमाणे प्रत्येक गावची वेगळी. आज कुठल्या देवळात कुठलं मंडळ, याच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. जिथे उतराल तिथल्या माणसांना विचारा. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर, आजगावकर ही मंडळांची जुनी नावं ऐकू येतील. देवाची पालखी देवळाभोवती फिरून झाली की मग नाटक, म्हणजे मध्यरात्र होतेच.

पण तुम्ही त्याच्या तासभर आधी या आणि परवानगी घेऊन रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागेत, डोकवा. प्रत्येकजण आपापली ट्रंक उघडून, हातातल्या आरशात बघत स्वतःच तोंड रंगवत असतो. दाढी घोटून बसलेला गडी भुवई कोरतो, नऊवारी नेसतो, गंगावन लावतो, आणि उठून उभा राहतो तेव्हा त्याची चालच बदललेली असते. मग पेटाऱ्यातल्या गणपतीला हात जोडून तो बाहेर पडतो. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान, कोणाची एंट्री कुठे, एवढं आपसात ठरतं. पुढचं सगळं बोलणं तिथल्या तिथे सुचतं. म्हणून तेच आख्यान दोन रात्री ऐकलं तरी वेगळं वाटतं. नेपथ्य म्हणजे मागचा पडदा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ. साथीला पेटी, पखवाज, झांज. युद्धाच्या वेळी पखवाजवाल्याच्या हाताकडे बघा, नटाचं पाऊल आणि त्याची थाप एकत्र पडते.

शक्य असेल तर पहाटेपर्यंत थांबाच. शेवटी दहीहंडी फुटते, काला वाटतात. त्यावरूनच आमच्याकडे नाटकाला धयकालो म्हणतात. मोबाईलवरच्या तुकड्यांत युद्धं आणि ट्रिकसीन दिसतात, हे दिसत नाही.

दव पडतं, तेव्हा कानटोपी आणि बसायला चटई आणा. पुढे म्हाताऱ्या बायका बसलेल्या असतील, त्यांच्या शेजारी जागा धरा. कोण कोणाचा मुलगा, कोणाचा शाप कोणाला, सगळं त्या हळू आवाजात सांगत राहतील.