ट्रेकहून आल्यावरची खाज: घरात तिघांना, पण कारणं दोन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या शनिवारी मिस्टर आणि नऊ वर्षांचा मुलगा कर्जतच्या बाजूला ट्रेकला गेले. मुलाला तिथे रानातच मानेला आणि हातांना भयंकर खाज सुटली, पण रात्रीपर्यंत बरीचशी उतरली. मिस्टरांना त्या दिवशी काहीच नव्हतं. त्यांच्या मांडीवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सोमवारी लाल चट्टे उठले, मंगळवारी पाणी भरलेले फोड आले आणि आज एक पापणी सुजली आहे. तुम्ही तर ट्रेकला गेलाही नव्हतात, फक्त रविवारी कपडे धुतलेत, तरी तुमच्या बोटांवर पुरळ. शेजारच्या काकू म्हणतात हे एकमेकांना लागतं, चुना आणि लिंबू लावा. केमिस्टने एक ट्यूब दिली आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पँटच्या खिशात चार बिब्बे, म्हणजे रानातल्या बिब्ब्याच्या झाडाची काळी फळं, निघाले.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

आधी तातडीचं सांगतो. चुना-लिंबू अजिबात लावू नका. चुन्याने आधीच सोललेली कातडी भाजते, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर वेगळेच काळे डाग आणि फोड उठतात. मिस्टरांना आजच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. पापणी सुजणं, चेहऱ्यावर येणं, लघवीच्या जागी येणं, ही घरी बसून लोशन लावण्यातली गोष्ट नाही. बाकीचं माझं उत्तर त्यांना दाखवून आल्यावर वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. पंचवीसेक वर्षं बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणि येऊरला मुलांना झाडं दाखवत फिरतो. या काळात खाजेचे जितके प्रकार पाहिले त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे: खाज कशी थांबवायची हे विचारण्याआधी ती कधी सुरू झाली ते विचारायचं. लगेच सुटली की दोन दिवसांनी? तुमच्या मुलाची लगेच सुटली, म्हणून ती वेगळी. मिस्टरांची आणि तुमची दोन दिवसांनी, म्हणून ती वेगळी. दोघांना एकच औषध लावाल तर एकाला तरी ते फुकट जाईल.

मुलाची खाज बहुधा खाजकुइली या रानवेलीची. डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा वाळतात. शेंग इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते आणि तिच्यावर तपकिरी-सोनेरी मखमली लव असते. मुलांना हात लावावासा वाटतोच. येऊरला एका सहलीत माझ्यासमोर एका मुलाने ती शेंग गालावर फिरवून पाहिली. मिनिटभरात तो किंचाळायला लागला. मी तेव्हा नवा होतो. त्याच्या गालावर पाणी ओतलं आणि रुमालाने खसाखसा पुसलं. खाज गालावरून मानेवर गेली, मानेवरून माझ्या हातावर आली. ती लव म्हणजे सुईसारखी टोकदार कुसं असतात. पुसलं की ती कातडीत आणखी खोल रुततात आणि रुमालाला चिकटून दुसरीकडे जातात. ते पोर पुढे तासभर रडत होतं आणि ती चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत रुंद चिकटपट्टी असते, खोक्यांना लावतात ती. खाजेच्या जागेवर ती हलक्या हाताने ठेवायची, दाबून घासायची नाही, आणि सरळ वर उचलायची. उजेडात धरली तर पट्टीवर बारीक सोनेरी कुसं दिसतात. दरवेळी नवी पट्टी घ्यायची. चार-पाच वेळा असं केल्यावर वाहत्या गार पाण्याखाली हात किंवा मान धरायची, पण चोळायचं नाही. मग कोरडं होऊ द्यायचं आणि वर कॅलामाइन. यानंतर बहुतेक मुलं तासा-दोन तासांत शांत होतात.

बरेच आईवडील इथे सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी देतात आणि ती लागू पडत नाही म्हणून घाबरतात. खाजकुइलीच्या कुसांमध्ये म्युकुनेन नावाचं प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं आणि ते खाजेच्या नसांना थेट चेतवतं. गांधी उठतात तेव्हा शरीरात हिस्टामिन सुटतं, ते इथे मुख्य कारण नसतंच. त्यामुळे हिस्टामिन अडवणाऱ्या गोळीचा उपयोग तुटपुंजा. कुसं निघाली की खाज जाते, हाच उपाय. मुलाचा टी-शर्ट, टोपी आणि पिशवीचे पट्टे मात्र वेगळे धुवा. झटकू नका, आधी बादलीत पूर्ण बुडवा. वाळलेली कुसं हवेतून उडून डोळ्यात जातात. डोळ्यात गेलीच तर न चोळता भरपूर पाण्याने धुवायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आता बिब्बा. आपल्याकडे 'कामात बिब्बा घालणे' म्हणतात ते उगाच नाही. बिब्ब्याच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. पूर्वी परीट त्याच्या डागाने कपड्यांवर खुणा करायचे, कारण तो डाग धुतला तरी जात नाही. त्या खुणेच्या जागी मानेला किंवा कमरेला पुरळ उठलेली माणसं डॉक्टरांना वर्षानुवर्षं भेटत आली. या तेलातली द्रव्यं आणि अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही नावाच्या खाजऱ्या वेलीच्या चिकातली द्रव्यं एकाच जातकुळीची. इंटरनेटवर शोधलं की सगळीकडे पॉयझन आयव्हीच दिसते आणि लोक सह्याद्रीत तीन पानांची वेल शोधत बसतात. ती इथे नाही. पण तिचं खानदान इथे आहे: बिब्बा, काजू आणि आपला आंबा, तिघेही एकाच कुळातले.

ही खाज ॲलर्जीची. तेल कातडीत मुरतं, शरीर त्याला शत्रू समजतं आणि साधारण एक-दोन दिवसांनी हल्ला चढवतं. म्हणून शनिवारी काही नाही आणि सोमवारी चट्टे. मिस्टरांना लहानपणी कधी टाचेला बिब्बा लावला होता का, ओल्या काजूने हात सोलले होते का, हे विचारून बघा. एकदा शरीराने ओळख ठेवली की पुढच्या वेळी ते जोरात उठतं. मांडीवर का, तर खिसा तिथेच. मनगट आणि पापणी का, तर बिब्बे हाताळलेल्या बोटांनी त्यांनी तिथे हात लावला. पापणीची कातडी फार पातळ असते, तिथे किंचितसं तेलही पुरतं.

आणि तुम्हाला कसं झालं? पँटमधून. संसर्ग नाही ताई. फोडातलं पाणी दुसऱ्याला लागून काही होत नाही, त्यात ते तेल नसतं. रोज नवे चट्टे दिसतात म्हणून 'पसरतंय' असं वाटतं, पण जिथे तेल कमी लागलं किंवा कातडी जाड आहे तिथे उशिरा उठतं, इतकंच. खरं पसरतं ते न धुतलेल्या तेलामुळे: घड्याळाचा पट्टा, मोबाइलचं कव्हर, पाकीट, काठी, नखांखाली अडकलेलं. हे सगळं आज पुसून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालून, साबणाच्या पाण्याने, आणि ते फडकं टाकून द्या.

तेल लागल्या लागल्या, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, साबण आणि भरपूर गार पाण्याने धुतलं तर पुष्कळ वाचतं. कोकणात काजू सोलणाऱ्या बायका कामाआधी हाताला खोबरेल चोळतात, ते बरोबर आहे. तेलाचा थर आधी असला की चीक कातडीला कमी भिडतो. पण चीक लागल्यानंतर वरून खोबरेल चोळलं तर तो आणखी पसरतो. आधी खोबरेल, नंतर साबण. मे महिन्यात गावाला जाऊन पोरं ओले काजूगर फोडत बसतात आणि मुंबईला परतल्यावर हाताची सालं निघतात, त्या घरांनी हा क्रम लक्षात ठेवावा. आंब्याचंही तेच. देठाजवळचा चीक ओठाला लागला की दोन दिवसांनी ओठाच्या कडेने पुरळ येते आणि आपण म्हणतो आंबा उष्ण पडला. देठ कापून, आंबा पाण्यात ठेवून, साल तोंडाला न लावता फोडी करून खाल्ल्या की बहुतेकांना काही होत नाही. मिस्टरांना मात्र या वर्षी आंबा सोलून द्या आणि ओल्या काजूंपासून लांब ठेवा.

तुमच्यासाठी आत्ता, घरात: स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात पिळून दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-वीस मिनिटं ठेवा. फोड फुटून पाझरत असतील तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्याच पाण्याची पट्टी ठेवा. ती जागा सुकली की कॅलामाइन. ओट्स मिक्सरला अगदी बारीक दळून, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट पाण्याच्या बादलीत सोडली तर पाणी दुधाळ होतं, ते अंगावर ओतल्याने खाज निवते. कढत पाण्याने क्षणभर फार बरं वाटतं, पण अर्ध्या तासात दुप्पट आग होते, ते टाळा. फोड फोडू नका. नखं कापा, तिघांचीही. रात्री झोप लागत नसेल तर झोप आणणारी गोळी डॉक्टर लिहून देतात. ती खाज मारत नाही, पण माणूस रात्रभर ओरबाडत बसत नाही.

केमिस्टच्या ट्यूबबद्दल जरा कळकळीने लिहितो. तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, असं तीन औषधांचं मिश्रण असेल तर ती बाजूला ठेवा. ही तीव्र स्टेरॉइडं पापणीवर, चेहऱ्यावर, जांघेत लावायची नसतात. तिथली कातडी पातळ होते, आणि डोळ्याजवळ तर डोळ्यालाच धोका. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. मी स्टेरॉइडच्या विरोधात मुळीच नाही. बिब्ब्याच्या खाजेवर तेच खरं औषध आहे, पण कोणतं, कुठे आणि किती दिवस हे तपासणाऱ्याने ठरवायचं. सुजेसाठी पोटातून स्टेरॉइड दिलं तर तो कोर्स साधारण दोन-तीन आठवड्यांचा, हळूहळू कमी करत नेणारा असतो. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केलं की सगळं परत उसळतं. माझ्या एका जवळच्या नातलगाचं असंच झालं. सासूबाईंनी टाचेच्या भेगांना बिब्ब्याचा चटका दिला, पाय गुडघ्यापर्यंत फोडांनी भरला, गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, आणि आठव्या दिवशी पाऊल जमिनीला टेकवता येत नव्हतं.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर केईएम, सायन, नायर, जेजे, कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. सकाळी लवकर जा आणि बिब्ब्याचं आवर्जून सांगा, नाहीतर गर्दीत नुसतं 'ॲलर्जी' लिहून पाठवतील. पिवळी खपली, पू, ताप, लाल रेघ वर चढत जाणं, यातलं काही दिसलं तर जंतुसंसर्ग समजा आणि थांबू नका. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर सरळ १०८.

एक शंका मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून मिटवून टाका. घरात सगळ्यांना खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतील तर ती खरूज असू शकते. ती मात्र खरोखर एकमेकांना लागते आणि तिचं औषध अगदी वेगळं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. रानात न जाताही ज्यांना पापण्या, मान, कोपराची घडी इथे सतत खाज येते, त्यांनी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा रुळांकडेला गाजर गवत आहे का बघावं. त्याचे वाळलेले कण हवेतून येऊन कातडीवर बसतात. अशांना शेवंतीही सोसत नाही असं पुष्कळदा दिसतं, कारण दोन्ही एकाच कुळातली. उपटायचं तर फुलं येण्याआधी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून. शनिवारी मारुतीला रुईची माळ करणाऱ्यांनी चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये. तो चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला दुखतही नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं, आणि माणूस दुर्लक्ष करतो. पंधरा-वीस मिनिटं नळाखाली डोळा धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. अळू-सुरणाची खाज त्या मानाने गरीब. ती बारीक स्फटिकांच्या सुयांची, हाताला आधी तेल लावून चिरलं की निभावतं.

ताई, ते चार बिब्बे अजून घरात असतील तर जाळू नका, चुलीत किंवा शेकोटीत तर नाहीच. त्यांचा धूर चेहऱ्याला आणि घशाला बाधतो. हातात पिशवी घालून उचला, दुहेरी पिशवीत गाठ मारा आणि मुलाच्या हाती लागणार नाहीत असे टाका. पँट रविवारी एकदा धुतली असली तरी दुसऱ्या कपड्यांत मिसळू नका. रबरी हातमोजे घालून डिटर्जंटमध्ये दोनदा वेगळी धुवा, बादलीही धुवा. खिशाचं अस्तर काळं पडलेलं दिसलं तर तेवढा खिसा कापूनच टाका, तो डाग निघणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा, मी रात्री परत बघतो.